रिकाम्या खोलीचा आवाज

ही घटना माझ्याच घरात घडली आहे. ऐकीव नाही. मैत्रिणीच्या मावशीची वगैरे तर अजिबात नाही.

मला गोष्टी रचता येत नाहीत. येत असत्या तर मी यात एखादा सुनसान रस्ता घातला असता, गेलाबाजार एखादी काळी मांजर तरी. इथे तसलं काही नाही. तिसऱ्या मजल्यावरचं साधं घर आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, रस्त्याच्या बाजूला कपडे वाळत घालण्यापुरती गॅलरी. एक जुना लॅपटॉप आहे. आणि रात्रसुद्धा नाही. सुट्टीच्या दिवशीची भर दुपार होती. खाली कुणीतरी गाडी धूत होतं, बादलीचा आवाज वर येत होता.

ज्यांना विश्वास ठेवायचा नाही त्यांनी खुशाल ठेवू नये. मी कुणाच्या पाया पडायला आलेली नाही.

मी चष्म्याच्या दुकानात काम करते. लोकांच्या नाकावर चष्मा नीट बसवणं, दांड्या वाकवणं, "तुम्हाला हीच फ्रेम शोभते" असं तोंड भरून खोटं बोलणं. वय चाळिशीच्या पुढे. किती पुढे ते विचारू नका.

घरात मी आणि ताई, अशा दोघी राहायचो. लग्न दोघींनीही केलं नाही. तिने ठरवून, मी आळसाने. दादा आमच्या मधला. तो दुसऱ्या गावी असतो, बायकोमुलांत. सुट्टीच्या दिवशी न चुकता फोन करतो.

ताई एका मोठ्या हॉस्पिटलच्या टेलिफोनवर होती. बाहेरून फोन आला की पहिला आवाज तिचा. लोक घाबरलेले असायचे, रडत असायचे, ओरडत असायचे. ती शांतपणे म्हणायची, "घाबरू नका, जोडून देते." निम्मं गाव तिला चेहऱ्याने ओळखत नव्हतं, आवाजाने ओळखायचं. भाजी घेताना तिने तोंड उघडलं की शेजारची बाई वळून बघायची. "तुम्ही हॉस्पिटलमधल्या का हो?"

मागच्या वर्षी ताई गेली.

झोपेत. तिच्या खोलीत, तिच्या पलंगावर. मी चहा घेऊन गेले तर ती कुशीवर झोपलेली होती, आणि मी चांगली दोन मिनिटं तिला उठवण्यासाठी चिडवत उभी होते. त्याबद्दल आणखी लिहायचं नाही मला.

घर खायला उठतं म्हणतात ना, ते मला तेव्हा कळलं. दुकानात दिवसभर माणसं असतात. घरी आलं की फ्रिज. नळ. घड्याळ. टीव्ही लावून पाहिला, पण टीव्हीतली माणसं आपापसांत बोलतात, माझ्याशी नाही. त्याचा राग यायचा आणि मी बंद करून टाकायची.

अशातच कुठेतरी वाचलं की कॉम्प्युटरवर घरबसल्या संगीत बनवता येतं आणि त्याची सॉफ्टवेअर फुकट मिळतात. फुकट म्हटलं की माझा हात आपोआप पुढे जातो. मी एक उतरवून घेतलं.

आता संगीताशी माझा संबंध काय म्हणाल, तर शाळेत गाण्याच्या बाईंनी मला नुसते ओठ हलवायला सांगितलं होतं. पण इथे गळा लागतच नाही. पडद्यावर बारीक बारीक चौकोन असतात. जो चौकोन भराल तिथे ठोका पडतो. भरतकामासारखं आहे. मग वर सूर टाकायचे, तेही माऊसने. मधेच एखादा घरातला आवाज घ्यायचा आणि तोच ताल म्हणून वापरायचा.

मी वेडीच झाले त्यापायी. लिफ्टच्या दाराची खडखड. चष्म्याची डबी मिटताना होते ती टप्प. दुकानातल्या काचांचे ड्रॉवर. सगळं फोनवर रेकॉर्ड करून घरी आणायची आणि त्याचे तुकडे करत बसायची. त्या सॉफ्टवेअरचा एक ऑनलाइन गट होता. तिथे मी माझी धून टाकायची. लोक मला 'चष्मेवाली' म्हणायला लागले. पाच-सात जण ऐकायचे, पण ऐकायचे.

त्या गटात एक जण होता, त्याला सगळे 'मास्तर' म्हणत. कुठला, काय वयाचा, कुणालाच ठाऊक नाही. पण काही अडलं की विचारायचं, तो न कंटाळता सांगायचा.

मी लवकर बरी होत होते. हे मला आज कळतं.

मग माझ्या डोक्यात आलं की एक धून ताईची करू या. तिच्या आवाजाची.

अडचण अशी की ताईचा आवाज होताच कुठे? नोकरीत आयुष्यभर फोनवर बोलली, त्यामुळे घरी फोनचं नाव काढलं की तिच्या कपाळावर आठी. व्हिडिओ काढायला गेलं तर तोंडावर हात. अख्ख्या आयुष्यात तिने मला एकच आवाजी मेसेज पाठवला होता. तोही बोट कापलं होतं, टाईप करता येत नव्हतं, म्हणून. पलंगावर पडल्या पडल्या बोलली होती.

"बारके, येताना दूध घेऊन ये. विसरशील, तुझा काही नेम नाही. आणि उशीर होणार असेल तर कळव, मी जेवायला थांबते."

बारकी म्हणजे मी. एवढाच मेसेज. ती गेल्यावर मी तो दादाला पाठवला होता. मी स्वतः किती वेळा ऐकला असेल, त्याची गणतीच नाही.

पण त्यात पंखा होता. तिच्या खोलीतला पंखा जुना, फिरताना कुरकुरतो. ताईपेक्षा तोच मोठ्याने बोलत होता. धुनेत घालायचा तर आधी तो पंखा काढायला हवा होता.

मास्तरांना विचारलं.

हे कसं करतात ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. सॉफ्टवेअरला आधी नुसता नको असलेला आवाज ऐकवायचा. बाकी काही नाही, फक्त पंखा. हा बघ, हा नको. कपड्यावरचा डाग दाखवून सांगावं, एवढाच धू, तसं. मग ते संपूर्ण रेकॉर्डिंगमधून तेवढा आवाज शोधून काढून टाकतं आणि बाकीचं ठेवतं.

मास्तरांनी विचारलं, "मेसेजच्या सुरुवातीला किंवा शेवटी नुसता पंखा ऐकू येतो असा तुकडा आहे का?"

नव्हता. ताई बटण दाबता दाबताच बोलायला लागली होती आणि बोलणं संपताच तिने ताडकन बंद केलं होतं.

"मग तीच खोली, तोच पंखा, तोच फोन," मास्तरांनी लिहिलं. "पंखा चालू करा. फोन तिथेच ठेवा. तुम्ही बाहेर जा. रिकाम्या खोलीचा आवाज घ्या. खोली पूर्ण रिकामी पाहिजे हं. कुणी आत असलं तर त्याचा श्वाससुद्धा नको असलेल्यांत धरला जातो."

मी हसले. माझ्या घरात रिकाम्या खोलीला काय तोटा?

ताईच्या खोलीत मी फारशी जात नव्हते. चादर बदलली होती, बाकी सगळं तसंच. त्या दुपारी गेले. पंखा लावला. कुरकुर सुरू झाली. फोन उशीवर ठेवला, रेकॉर्डिंग चालू केलं आणि पाऊल न वाजवता बाहेर आले. फ्रिजचा आवाज आत जाऊ नये म्हणून दार लावून घेतलं.

गॅलरीत जाऊन उभी राहिले. खाली गाडी धुणं चाललं होतं.

आतून कसलाही आवाज आला नाही. मी शपथेवर सांगते, कसलाही नाही.

मग जाऊन फोन आणला, पंखा बंद केला, सवयीने दार पुन्हा ओढून घेतलं. लॅपटॉप माझ्या खोलीत. कानाला हेडफोन लावला. रिकाम्या खोलीचा आवाज सॉफ्टवेअरला ऐकवला. हा नको. मग ताईचा मेसेज उघडला आणि बटण दाबलं.

एक निळी पट्टी सरकत गेली.

मी ऐकायला सुरुवात केली...

कुर्र... कुर्र... कुर्र...

पंखा होता तिथेच होता.

ताई नव्हती.

पुसट झाली नव्हती, दबली नव्हती. पार नव्हती. मेसेज जेवढा होता तेवढाच लांब, आणि त्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसता पंखा.

मला वाटलं मीच काहीतरी घोळ घातला. काम मागे घ्यायचं बटण दाबलं. पंखा. फाइल बंद करून पुन्हा उघडली. पंखा. फोन घेतला, मूळ मेसेज शोधला. सॉफ्टवेअरचा फोनशी काही संबंधच नाही, तिथला मेसेज बदलूच शकत नाही. तारीख तीच. वेळ तीच. दाबलं...

कुर्र... कुर्र...

मी जमिनीवर बसले. तिचा तेवढाच तर आवाज होता माझ्याकडे. तो मी माझ्या हाताने पुसला. एवढंच डोक्यात येत होतं, पुन्हा पुन्हा.

मग आठवलं की त्या सॉफ्टवेअरमध्ये आणखी एक सोय आहे. काढून टाकलेला आवाज काय होता, तेवढाच ऐकता येतो. चुकून कामाचं काही गेलं नाही ना, हे तपासायला ती ठेवलेली असते. मी तिथे खूण केली आणि बटण दाबलं.

"बारके, येताना दूध घेऊन ये."

ताई.

स्वच्छ. पंखा नाही, खरखर नाही. इतका स्वच्छ आवाज मी तिच्या हयातीतसुद्धा ऐकला नव्हता. जवळ बसून बोलावं तसा. मी मोठ्याने रडायला लागले. आनंदाने. कुणी बघायला नव्हतं, तेव्हा लाज कसली.

"विसरशील, तुझा काही नेम नाही. आणि उशीर होणार असेल तर कळव, मी जेवायला थांबते."

इथे मेसेज संपायला हवा होता.

संपला नाही.

थोडा वेळ काहीच नाही. नुसती शांतता...

मग श्वास घेतल्यासारखं झालं...

"बारके, दार का लावून घेतलंस?"

मी हेडफोन काढून टाकला.

माझ्या खोलीतून ताईच्या खोलीचं दार दिसतं. ते बंद होतं. खाली गाडी धुवून झाली असावी, बादली वाजत नव्हती. मी उठले, गेले आणि दार उघडलं. पलंग, उशी, स्थिर पंखा. उशीवर फोनचा खळगा पडलेला. बाकी काही नाही.

तुम्ही म्हणाल, तेव्हाच घर सोडायला हवं होतं. बरोबर आहे तुमचं. पण खरं सांगते, मला भीती वाटली नाही. मला बरं वाटलं. आज त्याचीच भीती वाटते.

तो काढलेला आवाज वेगळा साठवून ठेवायचा मी खूप प्रयत्न केला. साठवलं की फाइल रिकामी. पुन्हा ऐकायला गेलं तर काहीच नाही. ऐकायचं असेल तर नव्याने सगळं करायचं. खोलीत पंखा लावायचा, रिकाम्या खोलीचा आवाज घ्यायचा, तो वजा करायचा आणि वजा झालेलं ऐकायचं.

मी करायला लागले.

दार आता उघडं ठेवायची.

दुकानातून आले की पर्स टाकायची आणि आधी तेच. प्रत्येक वेळी ताई यायची. फार काही नाही, दोनचार वाक्यं.

"आज उशीर केलास."

"जेवलीस का?"

"त्या निळ्या कपड्यांत तू बरी दिसतेस, काळे नको घालत जाऊस."

मी हेडफोन लावून मोठमोठ्याने उत्तरं द्यायची. "जेवते गं, आत्ता तर आले." "काळे स्वस्तात मिळाले, तुला काय जातंय?" वेड्यासारखी हसायची. दोन माणसांचा स्वयंपाक नाही केला मी, तेवढी शुद्ध होती. पण ताट वाढून घेऊन तिच्या खोलीत बसायची. धून बनवणं सुटलं. गटात विचारणा झाली, चष्मेवाली गेली कुठे. मी उत्तर दिलं नाही. दादाचा फोन वाजायचा आणि मी नंतर करते, नंतर करते म्हणत विसरायची.

एक गोष्ट मात्र खटकत होती. पहिल्या दिवशी तिचा आवाज कानाशी होता. मग जरा लांब वाटायला लागला. मग पलीकडच्या खोलीतून आल्यासारखा. मी आवाज वाढवायची.

शेवटी मास्तरांना विचारलं. सगळं सांगितलं नाही, कोण सांगेल? फक्त एवढंच विचारलं की काढलेल्या आवाजात मुळात नव्हतं असं जास्तीचं काही येऊ शकतं का.

त्यांचं उत्तर लगेच आलं.

"नाही. हे सॉफ्टवेअर स्वतःचं काही घालत नाही. फक्त काढतं. तुम्हाला काही ऐकू येतंय म्हणजे ते कुठून तरी काढलेलं आहे. कुठून काढलं जातंय ते बघा."

मला त्यांचा राग आला. मोठे आले शहाणे, असं म्हणून मी गट बंद केला.

पुढच्या सुट्टीला दादाचा फोन आला. मी उचलला.

"बारके, जिवंत आहेस का?" त्याचं नेहमीचं.

"आहे. बोल."

"अगं, तो ताईचा मेसेज तू मला पाठवला होतास ना, तो बिघडला बहुतेक. नुसता पंखा वाजतोय. तुझ्याकडे चांगला असेल तर परत पाठव."

मी काहीतरी पुटपुटले.

तो फोन ठेवेना.

"एक विचारू? हसू नकोस."

"विचार ना."

"ताईचा आवाज कसा होता गं?"

"म्हणजे?"

"म्हणजे जाड होता, बारीक होता, कसा होता? काल रात्रीपासून आठवतोय. चेहरा येतो डोळ्यांपुढे. हात आठवतात. बोलताना मान तिरकी करायची ते आठवतं. आवाजच येत नाही. हिला विचारलं, तर हिलासुद्धा नाही आठवत. अगं, मी आयुष्यभर तिच्याशी फोनवर बोललो. फोनवर!"

दादा रडत होता. मी त्याला लहानपणानंतर रडताना ऐकलं नव्हतं.

"काय रे तू," मी म्हणाले. "ताईचा आवाज म्हणजे..."

आणि मी आठवायला गेले.

वाक्यं सगळी आली. येताना दूध घेऊन ये. घाबरू नका, जोडून देते. जेवलीस का. एकूण एक वाक्य.

पण ती सगळी माझ्याच आवाजात.

मी डोळे मिटून बघितलं. ताईचे ओठ हलत होते आणि आवाज माझा येत होता. मी लहान असताना तापात पडले होते, तेव्हा ती रात्रभर गोष्टी सांगत बसली होती. ती आठवण मी काढली. गोष्ट आठवली. आवाज नाही. कुणीतरी आत जाऊन तेवढाच काढून नेल्यासारखा.

"बारके? आहेस का?"

"आहे," मी म्हणाले. "मलाही नाही आठवत, दादा."

दुसऱ्या दिवशी दुकानात हॉस्पिटलमधली जुनी नर्स आली, वाचायचा चष्मा करायला. ताईला चांगली ओळखायची. मी तिच्या नाकावर फ्रेम बसवता बसवता सहज विचारल्यासारखं विचारलं. ती हसत सांगायला लागली आणि मधेच थांबली. "गंमतच आहे," ती म्हणाली. "इतकी वर्षं ऐकला. आत्ता जिभेवर आहे बघा." तिचा चेहरा असा झाला की मी विषय बदलला.

मास्तरांचं बरोबर होतं. ते कुठून तरी काढलं जात होतं.

मी ठरवलं, आता बंद. रोज संध्याकाळी दोन वाक्यं ऐकण्यासाठी मी ताईला सगळीकडून पुसत होते. माझ्यातून, दादातून, जिने ताईशी कधी भांडणसुद्धा केलं नाही त्या नर्सच्या डोक्यातून. पण एकदाच, शेवटचं ऐकायचं. नीट, कान देऊन, पाठ करून ठेवायचा तिचा आवाज. मग सॉफ्टवेअर काढून टाकायचं. मीच स्वतःला ही मुभा दिली. दारू सोडणारा माणूस जशी देतो.

त्या संध्याकाळी लवकर आले. अजून उजेड होता. खोलीत पंखा लावला, उशीवर फोन ठेवला, बाहेर गॅलरीत थांबले. सगळं पहिल्यासारखं केलं. फक्त दार उघडं होतं.

हेडफोन लावला. निळी पट्टी सरकली.

शांतता...

बराच वेळ शांतता...

मी आवाज शेवटपर्यंत वाढवला...

"बारके."

अगदी जवळ. पहिल्या दिवसापेक्षाही जवळ.

"आता दुसरं कुणी नाही ना?"

बाईचा आवाज होता. एवढंच मी सांगू शकते. जाड नाही, बारीक नाही. मी कान देऊन ऐकत होते, पाठ करायला बसले होते, आणि मला ओळखीचं त्यात काहीच सापडेना. दुकानात एखादी बाई पहिल्यांदा येते आणि किंमत विचारते, तिचा कसा असतो? तसा. ताईचा असेल. नसेलही. ज्याच्याशी ताडून पाहायचं, ते माझ्याकडे उरलंच नव्हतं.

मी हेडफोन काढला. सॉफ्टवेअर पुसलं. रेकॉर्डिंग पुसली. लॅपटॉप माळ्यावर टाकला. फोन बदलला. ताईच्या खोलीतला पंखा काढून नेला एका माणसाने, त्याला म्हटलं कुरकुरतो. तो म्हणाला, तेल घातलं की झालं. मी म्हटलं, नको, घेऊन जा.

दादाला सगळं सांगितलं. तो म्हणाला, ताबडतोब इकडे निघून ये. जाणारही आहे. दुकानात रजा मागितली आहे.

आता परवाचं सांगते. यासाठीच लिहायला बसले.

परवा सुट्टी होती. दुपार. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. लॅपटॉप माळ्यावर, हेडफोन नाही, पंखा नाही, घरात फ्रिजशिवाय काही चालू नाही.

आणि ताईच्या खोलीतून...

"बारके, ये ना जरा."

कानात नाही. खोलीतून. आपण घरात माणसाला हाक मारतो तशी, सहज.

माझ्या हातात ओला टॉवेल होता. मी तशीच उभी.

ताई असेल तर ती एवढ्या महिन्यांनी मला बोलावत होती, आणि मी तिच्याकडे धावत जायला हवं होतं. ताई नसेल, तिचा आवाज ज्याने थोडा थोडा करून नेला ते असेल, तर मी जिना उतरून पळायला हवं होतं. मला दोन्ही जमलं नाही. मी ऐकत राहिले, पुन्हा हाक येते का म्हणून. आवाज ओळखायचा प्रयत्न करत राहिले. खूप प्रयत्न केला हो.

पुन्हा हाक आली नाही.

पण कितीतरी दिवसांनी घरात मला कुणीतरी हाक मारली होती. त्या घरात, जिथे फ्रिज आणि घड्याळाशिवाय कुणी बोलत नाही. आणि माझ्या तोंडून निघून गेलं. विचार करायच्या आधीच.

"आले."

मी अजून गेलेली नाही. हे स्वयंपाकघरात बसून लिहितेय. इथून त्या खोलीचं दार दिसतं. परवापासून आतून काही आवाज नाही, हालचाल नाही. कुणीतरी वाट बघत शांत बसावं, तशी शांतता आहे.

दादा उद्या न्यायला येतोय. तो म्हणतो, एक रात्र काढ फक्त.

काढेन मी. पण मी 'आले' म्हणून बसले आहे.